हात सुटण्याची मर्यादा शोधणारे प्राध्यापक : चार्ल्स डॅल्झील

एप्रिलचा मध्य उलटला की यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस या गावांतून माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, तळाशी पाणी आणि त्या पाण्यात बुडालेला विजेचा छोटा पंप. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की ही पेटी घराचा आधार होते. पाणी, पत्रा आणि वीज यांचा असा शेजार दुसऱ्या कोणत्याही घरगुती उपकरणात क्वचितच आढळेल. पंपाच्या वायरचे आवरण झिजले की सारा पत्रा भारित होतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली गृहिणी पाणी भरावयास गेली की तिचा हात तेथेच खिळतो. विदर्भातील उन्हाळ्याच्या बातम्यांत अशी घटना नाही, असे वर्ष सहसा जात नाही. वीज वितरण कंपनीचे आवाहनही दरवर्षी प्रसिद्ध होते : पाणी भरताना प्लग काढून ठेवा, अर्थिंग तपासून घ्या, गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवा.

ते उपकरण म्हणजे मीटरशेजारच्या बोर्डावरील लहानशी डबी. वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. तांत्रिक भाषेत आता आरसीसीबी हे नाव रूढ आहे. तिच्यावर ३० मिलिअँपिअर असा आकडा छापलेला असतो आणि ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. एक अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपिअर. पंख्याला जेवढा प्रवाह लागतो त्याच्याही कितीतरी खालचा हा आकडा कोणी आणि कशाच्या आधारे ठरविला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले की वाट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत आणि चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकापाशी जाऊन पोहोचते.

डॅल्झील यांचा जन्म १९०४ चा. शिक्षण बर्कले येथेच झाले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे वीज उद्योगात नोकरी केली आणि १९३२ मध्ये ते अध्यापक म्हणून आपल्याच विद्यापीठात परतले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथे घालविले. त्यांच्या आयुष्यात नाट्यमय प्रसंग शोधू गेल्यास फारसे हाती लागणार नाही. जे नाट्य होते ते प्रयोगशाळेतील एका टेबलाभोवती घडले.

त्या काळी विजेच्या धक्क्याविषयीचे ज्ञान मोठे चमत्कारिक होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस एडिसन यांच्या पक्षाने प्रत्यावर्ती प्रवाह किती घातक आहे हे दाखविण्यासाठी जाहीर सभांतून कुत्रे मारून दाखविले होते. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड देण्यात आला. वीज मारते, याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नव्हती. किती वीज मारते, हे मात्र कोणी नीट मोजले नव्हते. सामान्य माणूस व्होल्टची भाषा बोलत असे आणि बहुतांशी आजही बोलतो. परंतु ११० व्होल्टवर माणसे मरत होती आणि हजारो व्होल्टचा धक्का बसूनही काही जण वाचत होते. शरीराला जी इजा होते ती शरीरातून प्रत्यक्ष वाहणाऱ्या प्रवाहाने होते. तो प्रवाह किती, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने, यावर सारे अवलंबून असते. डॅल्झील यांनी हा मुद्दा आकड्यांत बसविण्याचे काम हाती घेतले.

धक्का बसताच हात झटकून मागे का घेता येत नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. वायरमनांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. भारित तार मुठीत आली की मूठ आपोआप आवळली जाते. बोटे मिटविणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असतात. प्रवाह दोहोंनाही चेतवितो आणि बलवान पक्ष जिंकतो. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सारे कळत असते, पण हात सुटत नाही. आपल्याकडे ‘करंटने ओढून धरले’ असे जे म्हणतात, ते हेच. वीज ओढीत नाही, माणसाचे स्वतःचेच स्नायू त्याला धरून ठेवतात. प्रवाह हळूहळू वाढवीत नेला तर एक क्षण असा येतो की त्याखाली इच्छाशक्तीने हात सोडविता येतो आणि त्यावर येत नाही. डॅल्झील यांनी या मर्यादेला ‘लेट-गो करंट’ म्हटले. मराठीत तिला सुटका-प्रवाह म्हणता येईल.

ही मर्यादा प्राण्यांवर मोजून भागण्यासारखी नव्हती. हात सोडण्याचा प्रयत्न करण्यास माणूसच हवा. म्हणून डॅल्झील यांनी स्वयंसेवक गोळा केले. त्यांत मुख्यत्वे विद्यार्थी होते. ओल्या हाताने तांब्याची तार पकडावयाची, शरीराचा दुसरा भाग धातूच्या पट्टीला टेकलेला, आणि उपकरणाची मूठ फिरवून प्रवाह थोडा थोडा वाढवावयाचा. प्रत्येक टप्प्यावर स्वयंसेवकाने तार सोडून दाखवावयाची. जेथे ती सुटेनाशी होई, तेथे प्रवाह बंद करून आकडा नोंदविला जाई. प्रथम मुंग्या येत, मग मनगट आखडे, मग दंडापर्यंत वेदना चढत. कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्यास कोणाची हरकत नव्हती. पण माघार घेण्यासाठी तार सोडावी लागते आणि तीच सुटते की नाही याची तर ही परीक्षा होती.

१३४ पुरुष आणि २८ स्त्रिया, एवढ्या लोकांच्या मुठींतून ही आकडेवारी गोळा झाली. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांची साडेदहा. केवळ जाणीव होण्यासाठी पुरुषांना सरासरी सुमारे १.१ आणि स्त्रियांना ०.७ मिलिअँपिअर पुरेसे ठरले. म्हणजे वीज प्रथम जाणवण्यापासून ती माणसाला जखडून टाकण्यापर्यंतचे अंतर अवघे दहा-पंधरा मिलिअँपिअरचे निघाले.

सरासरीवर समाधान मानले असते तर ते संशोधन तेवढ्यावरच राहिले असते. सरासरी माणसाचा हात १६ मिलिअँपिअरला अडकतो, याचा अर्थ निम्म्या माणसांचा हात त्याआधीच अडकतो. सुरक्षेचे गणित दुबळ्यातल्या दुबळ्या हातासाठी मांडावे लागते. डॅल्झील यांनी आपले आकडे संख्याशास्त्राच्या आलेखावर मांडले, ते जवळजवळ सरळ रेषेत पडले आणि त्या रेषेच्या खालच्या टोकाशी त्यांनी विचारले : हजारात ९९५ जणांना हात सोडविता येईल असा प्रवाह कोणता? उत्तर आले, पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर.

या आकड्यांच्या मर्यादाही लपविण्यासारख्या नाहीत. स्वयंसेवक बहुतांशी तरुण आणि धडधाकट होते. स्त्रियांची संख्या थोडी होती. आणि लहान मुलांवर असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठीचा आकडा अंदाजानेच धरावा लागला. कूलरच्या पत्र्याला हात लावणाऱ्यांत मुले असतात हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव किती मोठी आहे हे कळते. आजच्या काळात कोणत्याही विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीने असे प्रयोग सहज मंजूर केले नसते. म्हणूनच हे आकडे पुन्हा नव्याने फारसे कोणी काढलेले नाहीत. जगभरचे अभियंते त्याच तरुणांच्या मुठींचा हिशेब आजवर वापरीत आले आहेत.

हात अडकणे हा मृत्यूचा एक मार्ग झाला. छातीचे स्नायू आखडून श्वास थांबतो, किंवा घामाने त्वचेचा रोध उतरत जाऊन प्रवाह वाढत राहतो. दुसरा मार्ग अधिक झटपट आहे. प्रवाह हृदयातून गेला की त्याचे ठोके विस्कळीत होतात, हृदय आकसण्या-फुलण्याऐवजी थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. याचे मोजमाप माणसांवर करणे अशक्य होते. १९३० च्या दशकात फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्या, कुत्रे, डुकरे, वासरे यांच्यावर प्रयोग केले होते. डॅल्झील यांनी त्या आकडेवारीची पुन्हा पुन्हा छाननी केली. साठच्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या डब्ल्यू. आर. ली यांच्यासह त्यांनी एक सूत्र सुधारून मांडले. ५० किलो वजनाच्या माणसासाठी धोक्याच्या सीमेवरचा प्रवाह म्हणजे ११६ मिलिअँपिअरला सेकंदांतील वेळेच्या वर्गमुळाने भागले असता येणारी संख्या. वीज उपकेंद्रांच्या अर्थिंगचे गणित मांडताना अभियंते आजही हेच सूत्र वापरतात.

हे सूत्र कूलरला लावून पाहावे. ओल्या शरीराचा रोध ढोबळ मानाने एक हजार ओहम धरला तर २३० व्होल्टवर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर वाहतील. सूत्राप्रमाणे एवढा प्रवाह सोसण्याची मुदत पाव सेकंदाची आहे. पाव सेकंदात शेजाऱ्याला हाक मारता येत नाही, मेन स्विचकडे धावणे तर दूरच. आणि त्याच वेळी बोर्डावरचा फ्यूज किंवा एमसीबी काय करीत असतो? काहीही नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने पाव अँपिअर म्हणजे एखाद्या मोठ्या दिव्याचा भार. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. हा भेद अनेक घरांत आजही कळलेला नसतो. एमसीबी बसविला म्हणजे धक्क्याची भीती गेली, असा समज सर्रास आढळतो.

आकडे हाती आल्यावर डॅल्झील थांबले नाहीत. सहा मिलिअँपिअरच्या आतच वीज तोडणारे उपकरण करता येईल का, याचा विचार त्यांनी सुरू केला. मूळ तत्त्व जुनेच होते. घरात फेजमधून जेवढा प्रवाह येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे. दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून नेल्या तर दोहोंचा परिणाम एकमेकांना खोडतो. त्यांतील थोडा प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की हिशेब जुळत नाही आणि कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेत त्या तफावतीचा संदेश उमटतो. अडचण होती ती हा संदेश अतिशय क्षीण असण्याची. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी अशा उपकरणावर काम केले होते आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टिलफाँटेन येथील खाणकामगारांच्या घरांत २० मिलिअँपिअरला वीज तोडणारी उपकरणे बसली होती. युरोपातही प्रयत्न चालू होते. डॅल्झील यांनी ट्रान्झिस्टरचा उपयोग करून १९६१ च्या सुमारास ५ मिलिअँपिअरला चालणारे लहानसे यंत्र सिद्ध केले. त्याचे अमेरिकी पेटंट १९६५ मध्ये मिळाले.

पाच हा आकडा कोठून आला हे सांगावयास नकोच. स्त्रियांच्या सहा मिलिअँपिअरच्या मर्यादेखाली तो एक पायरी आहे. सत्तर वर्षांची आजी असो वा विशीतली मुलगी, तिचा हात अडकण्याआधीच वीज जावी, ही त्यामागची कल्पना.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत या उपकरणाचा शिरकाव १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावांपासून झाला. स्नानगृहांसाठी ते १९७५ मध्ये आले आणि स्वयंपाकघरांसाठी १९८७ मध्ये. म्हणजे ओल्या जागेतून ओल्या जागेत, एकेक खोली करीत हा नियम घरात शिरला. चार्ल्स डॅल्झील यांचे निधन १९८६ मध्ये झाले. स्वयंपाकघराचा नियम पाहण्यास ते उरले नव्हते.

उपकरणे लाखोंनी बसली तशी त्यांची दुखणीही बाहेर आली. विजेच्या लोळाने, दमटपणाने, धुळीने ती आतून निकामी होत आणि तरीही वीजपुरवठा पूर्ववत चालू राही. घरातील मंडळी संरक्षण आहे या समजुतीत राहत. अमेरिकेत घरांची तपासणी करणाऱ्यांना अशी निकामी उपकरणे बऱ्याच ठिकाणी आढळली. त्यानंतर मानके कडक झाली आणि २०१५ पासून तेथील नव्या उपकरणांना स्वतःची तपासणी स्वतःच करीत राहणे बंधनकारक झाले. भारतातील सर्वसाधारण आरसीसीबीत ती सोय नसते. ते काम बटण दाबणाऱ्या बोटावर सोपविलेले आहे.

आपल्याकडे आणि युरोपात ३० मिलिअँपिअरचा आकडा रूढ आहे, तो वेगळ्या हिशेबाने. हात अडकू नये हा त्याचा हेतू नाही. हृदय थरथरू लागण्याआधी वीज तुटावी, एवढाच आहे. पाच मिलिअँपिअरचे उपकरण संपूर्ण घराच्या मेनवर बसविले तर पावसाळ्यात भिंतींना ओल येताच ते वारंवार वीज तोडील आणि त्रासलेला गृहस्थ ते काढून टाकील, हा व्यवहारही त्यात पाहिलेला आहे. परंतु याचा अर्थ असा की १० ते ३० मिलिअँपिअरच्या पट्ट्यात हात चिकटून राहू शकतो आणि डबी स्वस्थ बसू शकते. ती जीव वाचविते, धक्का वाचवीत नाही. विक्रेत्यांनी हे ग्राहकांना क्वचितच सांगितले आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घरगुती जोडण्यांसाठी गळतीची कमाल मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरविली होती. मात्र ५ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या साध्या जोडण्या त्या सक्तीतून वगळलेल्या होत्या. दोन खोल्या, दोन पंखे, एक टीव्ही आणि एक कूलर असलेले घर या मर्यादेच्या पुष्कळच खाली येते. ज्या घरांत पत्र्याचा कूलर असतो, नेमकी तीच घरे नियमाबाहेर राहिली. २०२३ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, पण जुन्या वायरिंगची घरे आहेत तशीच उभी आहेत.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याला जमिनीचीही जोड मिळते. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटली की जमिनीशी तिचा संपर्क विरळ होतो. म्हणजे कूलर चालण्याच्या ऐन दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत यासाठीच होती. अर्थिंगचा रोध पन्नास ओहम झाला तर पत्र्यावर पूर्ण फेज आली तरी जमिनीत साडेचार अँपिअरच जातील आणि सोळा अँपिअरचा एमसीबी हलणारही नाही. आरसीसीबी मात्र त्याच क्षणी तोडील, कारण तिला ३० मिलिअँपिअर पुरे. जुन्या घरांत आणखी एक दोष आढळतो : न्यूट्रलच्या जागी अर्थची तार वापरलेली असते. तेथे आरसीसीबी लावताच ती खाली पडते. दोष वायरिंगचा असतो, शिक्षा डबीला होते. कोणीतरी तिला बगल देऊन तार सरळ जोडून देतो.

डॅल्झील यांच्या कामाचा एक धागा आता अंगणात उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरपर्यंत आला आहे. १९४३ मध्ये त्यांनी प्रवाहाच्या स्वरूपाचा सुटका-प्रवाहावर काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकदिश प्रवाहाला स्नायू वेगळी दाद देतात. पुरुषांची सरासरी मर्यादा १६ ऐवजी सुमारे ७६ मिलिअँपिअरवर जाते. वाहनाच्या चार्जरमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर होते. तेथे बिघाड झाला तर एकदिश प्रवाहाची गळती होऊ शकते. शरीर तिला तुलनेने अधिक सोसत असले तरी आरसीसीबी तिला सोसत नाही. तिचे लोखंडी कडे एकदिश चुंबकत्वाने भरून जाते आणि मग खरा धक्का बसला तरी तिला तो दिसत नाही. ‘एसी’ प्रकारची साधी डबी अशा ठिकाणी आंधळी होऊ शकते. म्हणून मोटारींच्या चार्जिंगसाठीच्या मानकांत निदान ‘ए’ प्रकारची डबी आणि तिच्या जोडीला ६ मिलिअँपिअर एकदिश गळती ओळखणारी सोय, किंवा मग ‘बी’ प्रकारची डबी, अशी अट असते. चार्जर घेताना वाहनाची पल्ला-क्षमता विचारणारे पुष्कळ. डबीवर कोणते अक्षर आहे हे पाहणारे थोडे.

आणि ‘टी’ बटणाविषयी. ते दाबले की डबीच्या आतल्या एका रोधातून कृत्रिम गळती घडविली जाते आणि यंत्रणा हलते की नाही एवढे कळते. महिना-दोन महिन्यांतून ते दाबल्याने धुळीने जाम होणारे भागही मोकळे राहतात. घराचे अर्थिंग ठीक आहे की नाही, डबी नेमक्या किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात तुटते, हे त्या बटणाला ठाऊक नसते. त्यासाठी परीक्षक यंत्र लागते. जाणकार तंत्रज्ञ ते भिंतीतल्या सॉकेटला लावतो आणि प्रथम १५ मिलिअँपिअर सोडतो. डबी पडता कामा नये. मग ३० सोडतो. ती ३०० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे. शेवटी १५० सोडतो, आणि आता मुदत ४० मिलिसेकंदांची असते. डॅल्झील यांच्या सूत्राने ओल्या हाताच्या गृहिणीला पाव सेकंद दिला होता. तपासणीत उत्तीर्ण झालेली डबी त्याच्या सहाव्या हिश्श्यात आपले काम उरकते.